आवळलेली काच

डिसेंबरातली पहाट, साडेचारचा सुमार. गारगोटीत आमच्या गच्चीवरचं थर्मामीटर १४ अंश दाखवत होतं. वेदगंगेकडचं धुकं अजून वर चढलं नव्हतं आणि मघा जवळजवळ डोक्यावर आली होती. दुर्बीण तिच्याकडे वळवली, दोनशे पटीची आयपीस लावली, डोळा टेकवला, तर तारा त्रिकोणी!

तारा इतका लांब असतो की कुठल्याही घरगुती दुर्बिणीत त्याचा खरा आकार दिसण्याचा प्रश्नच नाही. दिसते ती लेन्सची करामत. हवा शांत असली आणि लेन्स चांगली असली तर मोठ्या पटीवर मधोमध इवलीशी चकती आणि तिच्याभोवती एक-दोन फिकी कडी दिसतात. प्रकाश लहरी आहे, त्याच्या त्या खुणा. माझ्या चकतीला मात्र तीन कोपरे फुटले होते आणि कड्याचे तीन तुकडे झाले होते. गंमत म्हणजे आदल्याच संध्याकाळी साडेसातला याच दुर्बिणीतून ब्रह्महृदय पाहिला होता. तो गोल होता. नऊ तासांत काचेला झालं काय?

लेन्स १०० मिलिमीटर व्यासाची, दोन काचांची जोड. विकत घेताना ती नुसतीच घेतली होती. ती ज्या धातूच्या कड्यात बसते त्याला दुर्बीणवाले सेल म्हणतात. तो मी मे महिन्यात कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवर ॲल्युमिनियमचा करून घेतला. मिस्त्रींनी त्याला पहिल्यापासून ‘डबी’ म्हटलं, म्हणून मीही डबीच म्हणतो. त्यांना मी एकच गोष्ट दोनदा बजावली होती : लेन्स आत जरासुद्धा हलता कामा नये. त्यांनी काम चोख केलं. डबीचं भोक लेन्सपेक्षा फक्त चार शतांश मिलिमीटरने मोठं, म्हणजे ४० मायक्रॉनचा प्ले. लेन्स आत सोडली की हवेच्या गादीवरून सावकाश खाली जायची. ते पाहून मला फार बरं वाटलं होतं.

लहानपणी बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना पुढचं सांगायला नको. पुठ्ठे जुळवून चाक तयार असतं. लोखंडाची धाव त्याच्यापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली असते. शेणींच्या आगीत ती लालबुंद होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड कडकडतं आणि धाव आकसून चाकाला अशी आवळते की आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकजीव होतं. ना खिळा, ना स्क्रू. बिद्रीच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्या रबरी टायरवर गेल्या तसा हा देखावाही गेला, पण त्यातलं शास्त्र पक्कं आहे. धातू निवला की आत जे असेल त्याला तो धरतो.

मी लेन्सला धाव बसवली होती.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तापमान एका अंशाने उतरलं की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत २३ भाग आकसतं. नेहमीची क्राउन काच दहा लाखांत सुमारे ७ भाग. फरक १६ भागांचा. १०० मिलिमीटर व्यासावर हा फरक दर अंशाला १.६ मायक्रॉन होतो. डबी मे महिन्यात ३५ अंशांत कातली. डिसेंबरच्या संध्याकाळी २४ अंश होते, म्हणजे ११ अंशांची उतराई आणि साडेसतरा मायक्रॉन प्ले खलास. पहाटे १४ अंश, म्हणजे २१ अंशांची उतराई आणि जवळजवळ ३४ मायक्रॉन खलास.

पण प्ले तर ४० होता. कागदावर लेन्स पहाटेसुद्धा मोकळीच असायला हवी होती. आणि समजा आवळली असती, तरी चहूबाजूंनी सारखी आवळली असती. मग तीनच कोपरे का?

याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, ते उद्यमनगरात मिळालं. डबी घेऊन पुन्हा गेलो. त्रिकोणी ताऱ्याचं चित्र काढून दाखवलं. मिस्त्रींनी चित्राकडे पाहिलं, मग लेथच्या चकाकडे, म्हणजे माल धरणाऱ्या जबड्यांकडे, आणि हसले. “सर, चकानं मारलंय. पातळ माल हाय ह्यो. तीन जबड्यांत दाबला, बोअर मारला, तवर गोल. चक ढिला केला की माल आपल्या जागंवर जातोय आणि बोअर तिकोणी हुतोय.” मी म्हटलं, पण आपण डायल लावून मोजलं होतं की! भोकात गेज कसंही फिरवलं तरी काटा हलत नव्हता. “दोन टोकांचं गेज हाय ते. त्याला तिकोणी कळत न्हाई.”

हे मला समजायला थोडा वेळ लागला. तीन जागी आत आलेल्या आणि त्यांच्या मधल्या तीन जागी बाहेर गेलेल्या भोकात, आत आलेल्या प्रत्येक भागाच्या बरोबर समोर बाहेर गेलेला भाग पडतो. इकडे दहा मायक्रॉन कमी तर तिकडे दहा जास्त. समोरासमोरचं अंतर कुठेही घ्या, सारखंच भरतं. व्यास सगळीकडे सारखा आणि तरीही गोल नाही! मिस्त्रींनी शेजारच्या कारखान्यातून तीन पायांचं इनसाइड मायक्रोमीटर मागवलं. तीन पाय १२० अंशांवर. आता मात्र भोकात फिरवताना आकडा खाली-वर झाला. फुगवटा दहा मायक्रॉनचा निघाला. त्रिज्येत दहा म्हणजे व्यासाच्या हिशेबात वीस. ४० मायक्रॉनच्या प्लेपैकी निम्मा कातकामानेच खाल्ला होता. उरलेल्या विसात संध्याकाळचे साडेसतरा बसत होते, पहाटेचे चौतीस बसत नव्हते. पहाटे डबीने लेन्सला तीन बोटांनी चिमटा घेतला होता.

“तुम्हीच म्हणालासा न्हवं, जरा पण हलाय नको म्हणून?” मिस्त्री जाता जाता म्हणाले. ते खरंच होतं.

चौदा मायक्रॉनचा चिमटा म्हणजे काय फारसा? माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो. पण लेन्सचा हिशेब केसांत होत नाही, प्रकाशलहरीत होतो. हिरव्या प्रकाशाची लहर सुमारे ५५० नॅनोमीटर लांब, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जरा जास्त. चांगल्या लेन्समधून निघालेली लाट आपल्या आदर्श आकारापासून लहरीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त ढळू नये, असा लॉर्ड रॅलेचा जुना दंडक आहे. चौथा हिस्सा म्हणजे १३७ नॅनोमीटर, केसाचा पाचशेवा भाग. काच आपल्याला कडक वाटते आणि ती आहेही. लेन्सची क्राउन काच ॲल्युमिनियमपेक्षा जास्त ताठ असते. पण ताठ म्हणजे न वाकणारी नव्हे. पाचशेव्या केसाच्या मापाने मोजायला बसलं तर सगळं जगच रबराचं आहे.

चिमट्याने काचेचं दोन प्रकारे बिघडतं. एक, तिचा आकार बदलतो, पृष्ठभाग तीन जागी उचलला जातो. दुसरा बिघाड आतला आहे आणि तो जास्त मजेचा. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरला १८१५ च्या सुमारास आढळलं की काच दाबली की तिच्यातून जाणारा प्रकाश दोन वाटांना लागतो. दाबाच्या दिशेत कंप पावणारी लहर एका वेगाने जाते, आडवी कंप पावणारी दुसऱ्या. एरवी काचेला दिशा नसते. ताणाने ती येते. या गुणाच्या एककाला आज ब्रूस्टरचंच नाव आहे. नेहमीच्या क्राउन काचेचा आकडा पावणेतीनच्या आसपास, म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या काचेत दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोचा ताण आला की दोन लहरींमध्ये सुमारे २८ नॅनोमीटरचं अंतर पडतं. खडकाचे पातळ काप ध्रुवीभूत प्रकाशात तपासणाऱ्या भूशास्त्रज्ञांना म्हणूनच मायक्रोस्कोपच्या ताणमुक्त लेन्स वेगळ्या, जादा पैसे मोजून घ्याव्या लागतात. लेन्समध्येच ताण असेल तर खडकाचा रंग कुठला आणि लेन्सचा कुठला, हे कळायचं कसं?

हा ताण घरी बघता येतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करा. त्यातून येणारा प्रकाश आधीच ध्रुवीभूत असतो. डोळ्यांसमोर पोलराइज्ड गॉगल धरून तो फिरवत जा. एका कोनात पडदा काळा होईल. आता मध्ये मुलांच्या कंपास पेटीतली पारदर्शक पट्टी धरा. काळ्यावर एकदम रंगांचे पट्टे उमटतील. पट्टी साच्यात ओतताना जो ताण गोठला, तो दिसतो. पट्टी वाकवली की पट्टे सरकतात. मी माझा चष्मा धरला, तर फ्रेमच्या स्क्रूजवळ काचेत पंख्यासारखा उजळ डाग. फ्रेम सैल झाली म्हणून दुकानात स्क्रू पिळून घेतला होता, त्याची ती पावती. चष्म्याच्या काही दुकानांत हेच पाहायचं छोटं यंत्र असतं, पण ते बाहेर काढायला गिऱ्हाईकाने मागावं लागतं.

मग मला धीर धरवला नाही. डबीसकट लेन्स फ्रिजमध्ये ठेवली. (हे कुणी करू नये. धार चिमटीत सापडली तर काचेची कपची उडते.) तासाभराने काढली, जमणारं दव पुसत पुसत लॅपटॉपपुढे धरली. प्लास्टिकसारखे रंग नव्हते. काचेत ते इतक्या थोड्या ताणाने येतही नाहीत. पण काळ्या वर्तुळाच्या कडेला, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, राखाडी प्रकाशाच्या तीन पाकळ्या होत्या. खोलीच्या उबेत पाच-सात मिनिटांत त्या विझत गेल्या.

आता प्रश्न : धरायची तरी कशी?

जुन्या माणसांनी चूल तीन दगडांचीच का मांडली, हे इथे कामाला येतं. जमीन कशीही असो, तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एक आणि एकच सपाटी जाते. चौथा आला की त्याचं बाकीच्या तिघांशी जमवावं लागतं; एसटी स्टँडवरच्या हॉटेलातल्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला कागद असतो, तो या जमवाजमवीचा. टेबल डुगडुगून मोकळं होतं. लेन्सला डुगडुगायची सोय नसते. डबीच्या काठावर तिला दहा उंचवट्यांवर ठेवून वरून तिला धरणारी रिंग पिळली, तर ती दहाही उंचवट्यांना टेकेपर्यंत वाकते. म्हणून काठावर तीनच छोट्या गाद्या ठेवायच्या आणि बाकी काठ मोकळा सोडायचा.

यातही एक मेख आहे. वरच्या रिंगचा दाब बरोबर त्या तीन गाद्यांच्या डोक्यावरच पडला पाहिजे. वर-खाली समोरासमोर असेल तर दाब काचेतून सरळ पार होतो आणि काच वाकत नाही. दाब दोन गाद्यांच्या मधोमध पडला तर लेन्स पुलासारखी खाली जाते आणि तारा पुन्हा तिकोणी. दुर्बिणीच्या जोड-लेन्सला पूर्णत्व आणणारा जर्मनीचा योसेफ फ्राउनहोफर दोन काचांच्या मध्येही कडेला कथलाच्या वर्खाचे तीनच तुकडे ठेवी, १२० अंशांवर. आजही कुठलीही जुनी जोड-लेन्स उघडली की ते तीन चंदेरी तुकडे दिसतात, आणि कुणीतरी हौसेने साफसफाई करताना त्यातला एक हरवलेला असतो.

बाजूचा प्ले मोकळा सोडायचा असेल तर लेन्स मध्यावर राहणार कशी, हाही प्रश्न आहेच. एक तोड म्हणजे डबीचा धातूच काचेसारखा आकसणारा निवडायचा. टायटॅनियम दहा लाखांत साडेआठ भाग आकसतं, काचेच्या अगदी जवळ, पण खिशाला परवडत नाही आणि लेथवाल्यालाही आवडत नाही. दुसरी तोड चलाखीची आहे. काच आणि डबी यांच्यामध्ये सिलिकॉन रबराचं कडं भरायचं. हे रबर ॲल्युमिनियमच्या दहापट आकसतं. थंडीत डबी काचेकडे सरकते आणि मधली फट लहान होते. पण त्याच वेळी रबरही पातळ होतं. जाडी नेमकी साधली तर फट जितकी कमी होईल तितकंच रबर आकसतं आणि काचेला पत्ताच लागत नाही. १०० मिलिमीटरच्या लेन्सला साध्या गणिताने ही जाडी चारेक मिलिमीटर येते. प्रत्यक्षात रबराच्या दोन बाजू चिकटलेल्या असल्यामुळे ते सगळा हिशेब जाडीच्याच दिशेने चुकता करतं, म्हणून बरीच कमी जाडी पुरते.

तिसरी तोड अवकाशात जाणाऱ्या उपकरणांची. पुण्याच्या आयुकाने बांधलेली ‘सूट’ ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ बरोबर श्रीहरिकोट्याहून निघाली आणि आता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्याची चित्रं पाठवते, २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात. लहर आखूड म्हणजे चुकीला जागाही कमी. २०० नॅनोमीटरचा चौथा हिस्सा अवघा ५० नॅनोमीटर. अशा उपकरणाची पंचाईत दुहेरी असते. रॉकेटचा धडधडाट सोसायला सगळं घट्ट हवं, वर गेल्यावर आरसे-लेन्सना ताण नको म्हणून सैल हवं. त्यासाठी धातूच्या पातळ पात्या वापरतात. करवतीचं पान आठवा : आडवं सहज वाकतं, पण लांबीच्या दिशेने ओढून बघा! अशा तीन पात्या काचेभोवती बसवल्या की डबी थंडीने आत-बाहेर झाली तर पात्या वाकतात, काच नाही. आणि काच जागची हलू पाहील तर तिच्या वाटेत पात्या लांबीने आडव्या येतात.

बाहेरून कुणी आवळलं नाही तरी काचेवर एक भार कायमच असतो, तो तिच्या स्वतःच्या वजनाचा. लेन्सला फक्त कडेलाच हात लावता येतो, मधून प्रकाश जायचा असतो. १८९७ मध्ये अमेरिकेत यर्क्स वेधशाळेत ४० इंची लेन्स लागली. आरशाऐवजी लेन्सवर चालणाऱ्या वेधशाळांतल्या दुर्बिणींत ती सर्वांत मोठी. त्यापुढे काच आपल्याच भाराने मध्यात इतकी ओघळते की मोठी करून उपयोग नाही. पुढचं राज्य आरशांचं झालं, कारण आरशाला पाठीमागून आधार देता येतो.

आणि तो आधार कसा द्यावा याची युक्ती डब्लिनच्या थॉमस ग्रबने १८३५ मध्ये आयर्लंडातल्या आर्मा इथल्या दुर्बिणीत वापरली. कावड डोळ्यांपुढे आणा. खांद्यावर एक बिंदू, दोन टोकांना दोन घागरी. भार आपोआप वाटला जातो. ग्रबने आरशाखाली तीन तरफा ठेवल्या, प्रत्येक तरफेवर तीन बिंदू. आरसा टेकतो नऊ जागी, पण खालून मोजले तर आधार तीनच. चुलीचा नियम मोडला नाही आणि भारही वाटला गेला. अजून एक थर वाढवला की २७ बिंदू.

याच ग्रब घराण्याची दुर्बीण पुण्यात होती, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने ती का ठेवून घेतली नाही, याची चुटपुट मला दरवेळी लागते. ग्रबची तरफ मात्र टिकली. भारत ज्यात भागीदार आहे त्या तीस मीटर दुर्बिणीचा आरसा ४९२ षट्कोनी तुकड्यांचा असणार आहे. एकेक तुकडा १.४४ मीटरचा, जाडी फक्त ४५ मिलिमीटर, आणि प्रत्येकाखाली तरफांची तीच उतरंड, २७ बिंदूंची.

आमच्या डबीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मिस्त्रींनी या खेपेला ती चकात बाजूने दाबली नाही, फेसप्लेटवर समोरून पट्ट्या लावून धरली. बोअर दोन दशांश मिलिमीटरने मोठा केला. काठावर तीन गाद्या सोडल्या आणि बाकी काठ खाली उतरवला. रिंगलाही तसेच तीन उंचवटे दिले आणि दोन्हीवर सेंटर पंचने एकेक ठिपका मारला, समोरासमोर यावेत म्हणून. बाजूला बुचाचे तीन पातळ तुकडे, नुसते टेकतील असे. रिंग हाताने टेकेपर्यंत फिरवायची आणि मग किंचित उलटी. किंचित म्हणजे किती? डबी कानाजवळ धरून हलकेच हलवली तर आत बारीक टकटक ऐकू यावी, इतकी.

जानेवारीत ११ अंशांच्या पहाटे स्वाती पाहिला. चकती गोल, भोवती अखंड कडं.

परवा दुर्बीण मोटारसायकलवर बांधून पाटगावच्या बाजूला निघालो होतो. तिकडचा अंधार अजून चांगला आहे. मागे बसलेल्या पुतण्याने खड्ड्यांच्या रस्त्यावर दोनदा पाठीवर थाप मारली.

“काका, थांबा. नळीत काहीतरी सुटलंय, वाजतंय आत.”

“वाजू दे,” म्हटलं, आणि गाडी पुढे घेतली.